नखांवरचा रंग

आपल्या मंडळाच्या मागच्या वर्धापनदिनी मुलींनी एक नवा कार्यक्रम ठेवला होता, तो भगिनींना आठवत असेलच. नखपॉलिशच्या आठ-दहा बाटल्या, डोक्याच्या पिना नि दातकोरणी घेऊन त्या सतरंजीवर बसल्या आणि येईल तिच्या नखांवर ठिपके, पाने, चंद्रकोर अशी नक्षी काढून देऊ लागल्या. दोघी-तिघींनी "ही कसली नवी थेरं!" म्हणून नाके मुरडली, पण हात पुढे केलेच. ओळीत आमच्या शेजारच्या काकूंची पाळी आली, तेव्हा त्यांनी हात पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, "आता आम्हांला कशाला गं?" काकूंचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली. मुलगी गप्प राहिली. मीही काही बोलले नाही. त्यांच्यामागे मी होते, मी आपला हात पुढे केला.

ती गोष्ट मनाला लागून राहिली. मग नखांच्या रंगाविषयी जे मिळेल ते वाचीत गेले. त्यातले थोडे या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणांपुढे ठेविते.

नखे रंगविणे हे बाटलीबरोबर आलेले थेर नव्हे. ही चाल फार जुनी. मिसर देशात हजारो वर्षांपूर्वीची जी प्रेते मसाले भरून ठेवलेली सापडली, त्यांतील काहींचे केस व नखे मेंदीने रंगविलेली आढळली आहेत. आपल्याकडे मेंदीच्या जोडीला अळिता होता. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर लाखेचे किडे वस्ती करितात, त्या लाखेपासून हा लाल रंग निघतो. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात बकुलावलिका आपल्या मैत्रिणीच्या, मालविकेच्या, पायाला अळिता लावून देते असा प्रसंग आहे. वात्स्यायनाने ज्या ६४ कला सांगितल्या, त्यांतही दात, वस्त्रे आणि अंग रंगविण्याची कला मोजलेली आहे. गाणे, वाजविणे, चित्र काढणे यांच्याच पंक्तीत तिला जागा मिळाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पण मला खरे नवल वाटले ते तेरड्याचे. आपण कोकणात आणि इतरही पुष्कळ ठिकाणी भाद्रपदात तेरड्याची गौर आणतो. तेरडा आपल्याच मुलखातला. पावसाळ्यात माळावर, बांधावर आपोआप उगवतो. "तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण आपल्या प्रत्येकीच्या तोंडी आहे. हाच तेरडा चीन, कोरिया नि जपान या देशांत बायका नखे रंगविण्यासाठी वापरीत आल्या. १३व्या शतकात चीनमध्ये चौ मी नावाचा लेखक होऊन गेला. त्याने ही कृती लिहून ठेविली आहे. तांबडा तेरडा तुरटी घालून कुटावा, नखांवर ठेवून फडक्याने रात्रभर बांधावा आणि असे तीन-पाच वेळा करावे, की रंग धुतला तरी जात नाही. कोरियात आजही आई किंवा आजी उन्हाळ्याच्या शेवटी नातीच्या बोटांना हा लेप बांधून देते. पहिले बर्फ पडेपर्यंत नखावर रंग टिकला, तर मनातले पहिले प्रेम सफळ होते, अशी तिकडच्या मुलींची समजूत आहे.

म्हणीतला तेरडा तीन दिवसांचा आणि नखावरचा तेरडा तीन-चार महिन्यांचा, हे कसे? फूल झाडावर लवकर कोमेजते, म्हणून म्हण झाली. पण तेरड्यात जे रंगद्रव्य असते तेच मेंदीच्या पानातही असते. त्याचे शास्त्रीय नाव लॉसोन. नख, केस आणि कातडीचा वरचा थर हे सारे एकाच जातीच्या कठीण द्रव्याचे बनलेले असतात, त्याला हा रंग घट्ट धरतो. कातडीचा थर झिजून जातो म्हणून तळव्यावरची मेंदी आठ-पंधरा दिवसांत उतरते. नख मात्र झिजत नाही, ते महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर पुढे सरकते. म्हणून सबंध नख नवे यायला सुमारे ६ महिने लागतात, तोवर रंग थोडाथोडा उरतोच. हिंदीत तेरड्याला 'गुलमेहंदी' म्हणतात. ज्या कोणी हे नाव दिले, त्यांना हे शास्त्र न शिकताच ठाऊक होते.

आता बाटलीची हकीकत. तिचा उगम ऐकून हसू येईल. १८४६ साली शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांची क्रिया करून एक स्फोटक कापूस तयार केल्याचे जाहीर केले. तोफांसाठी म्हणून निघालेल्या या पदार्थाच्या भावंडांपासून पुढे सिनेमाच्या जुन्या फिल्मी झाल्या, मोटारींना देण्याचा झटपट वाळणारा रंग झाला आणि त्याच वाटेने नखपॉलिशही आले. आधीची पॉलिशे फिकी, आरपार दिसणारी असत. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये रेव्हसन बंधू व लाखमन नावाचा रसायनतज्ज्ञ यांनी रेव्हलॉन कंपनी काढली आणि दाट, गडद रंग बाजारात आणले. आपल्या देशात १९५२ साली टाटांच्या तेल कंपनीने लॅक्मे सुरू केले. एका फ्रेंच संगीतनाटकाच्या नायिकेचे हे नाव म्हणजे आपल्या 'लक्ष्मी'चेच फ्रेंच रूप आहे.

नक्षीही नवी नाही. १९२० ते १९४० या काळात पाश्चात्त्य देशांत नखाच्या मुळाशी असलेली पांढरी चंद्रकोर मोकळी सोडून बाकीचे नख रंगविण्याची मोठी आवड होती. आपल्या मुली पिनेच्या टोकाने जे ठिपके देतात, ते तर दाराशी रांगोळी घालणारीला शिकवावेच लागत नाहीत. आधी खालचा रंग पुरता वाळू द्यावा, मग पाच ठिपक्यांचे फूल मांडावे आणि टोक मधून बारीक ओढून पाकळी करावी. मात्र बाटली समईपासून व गॅसपासून दूर ठेवावी, कारण हे पॉलिश चटकन पेट घेते. इस्पितळात जाण्याचा प्रसंग आला तर ते आधी पुसून टाकावे. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू मोजतात, त्यात पॉलिशमुळे चूक होऊ शकते.

या सर्व कृतींत एक गोष्ट सारखी दिसली. उजव्या हाताची नखे आपली आपल्याला नीट रंगविता येत नाहीत. बकुलावलिका काय, कोरियातली आजी काय, रंग लावायला दुसरीचा हात लागतो. आणि आपल्याकडे एखादीचा नवरा गेला की तो दुसरीचा हात आपण काढून घेतला. मेंदी, अळिता, कुंकू, बांगड्या सगळेच बंद. १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला, १८९३ साली अण्णासाहेब कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केले, तरी घरोघरी रंगाची बंदी उठली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या चाली बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. कायदा आणि ठराव एवढे करतील. पदराखाली घेतलेला हात बाहेर काढायला मात्र शेजारणीनेच जायला हवे.

गेल्या भाद्रपदात गौरी उठल्यावर मी तेरड्याची तांबडी फुले नि थोडी पाने तुरटीबरोबर पाट्यावर वाटली आणि वाटी घेऊन काकूंकडे गेले. त्या पुष्कळ वेळ "नको" म्हणाल्या. मी म्हटले, "काकू, हे पॉलिश नाही, गौरीचाच तेरडा आहे. आणि पॉलिश असते तरी काय झाले असते? त्या दिवशी मी बोलायला हवे होते, ते राहून गेले." त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उजवा नको हो, सकाळी कणीक मळायची आहे," आणि डावा हात पुढे केला. मी पाची बोटांना लेप ठेवून पाने गुंडाळून दोऱ्याने बांधली. दुसऱ्या दिवशी नखे नारिंगी झाली होती. चार दिवसांनी काकूच वाटी मागत आल्या, उजव्या हातासाठी.

हे लिहिते आहे तो पौष चालू आहे. काकूंच्या नखांच्या टोकांना तो रंग अजून थोडा दिसतो. यंदाच्या वर्धापनदिनाला मुली पुन्हा बाटल्या घेऊन बसणार आहेत. ओळीत कोणी हात मागे घेतला, तर तिच्या मागे उभी असेल तिने पुढे सरकू नये, एवढीच सर्व भगिनींना माझी विनंती आहे.