रंगवलेल्या पट्ट्यातली रिकामी जागा

६ फेब्रुवारी २००८ रोजी फिनिक्स सन्स या एनबीएच्या संघाने शॉन मॅरियन आणि मार्कस बँक्स हे दोन खेळाडू मायामीला दिले आणि बदल्यात शकील ओनील घेतला. उंची सात फूट एक इंच, वजन दीडशे किलोच्या आसपास, नावावर चार अजिंक्यपदं. दुसऱ्याच दिवशी सन्सचा पॉइंट गार्ड स्टीव्ह नॅश ३४ वर्षांचा झाला. वाढदिवसाची ही भेट पचवण्यात त्याचं दीड वर्ष गेलं.

हे घडलं तेव्हा मी शाळेत होतो. सामने मी बऱ्याच वर्षांनी, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर यूट्यूबवर पाहिले. निकाल आधीच ठाऊक असला की एक फायदा होतो: चेंडूकडे न बघता बाकीच्या मैदानाकडे बघता येतं. आणि नॅशची गोष्ट चेंडूत नव्हतीच, ती मैदानाच्या मोकळ्या भागात होती.

पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू घेऊन येणारा, कोण कुठे उभं राहणार आणि पास कुणाला जाणार हे ठरवणारा खेळाडू. नॅश २००४ साली फिनिक्सला परतला तेव्हा आधीच्या मोसमात जेमतेम २९ सामने जिंकलेला तो संघ एकदम ६२ जिंकला. प्रशिक्षक माइक डँटोनी यांचं सूत्र सोपं होतं: आक्रमणासाठी २४ सेकंद मिळतात, आपण सातच्या आत फेकायचं. समोरचे पाच जण आपापल्या जागी पोचायच्या आत काम उरकायचं. एरवी चाल एकच. अमारे स्टोडमायर नॅशच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहायचा, नॅश त्याला वळसा घालायचा, आणि मग स्टोडमायर बास्केटकडे धावत सुटायचा. बाकीचे तिघे तीन गुणांच्या रेषेबाहेर पसरलेले. बचाव आत सरकला तर पास बाहेर, बाहेर राहिला तर पास आत.

या सगळ्याला एकच गोष्ट लागायची. बास्केटखालचा रंगवलेला पट्टा, ज्याला लेन म्हणतात, तो रिकामा हवा.

या पट्ट्याचा इतिहास गमतीदार आहे. सुरुवातीला तो फक्त सहा फूट रुंद होता. जॉर्ज मायकन नावाचा उंच सेंटर बास्केटजवळ ठाण मांडून बसू लागला, तेव्हा १९५१ साली तो बारा फुटांचा केला. मग विल्ट चेंबरलेन आला, आणि १९६४ मध्ये सोळा फुटांचा. आक्रमणातल्या खेळाडूने तिथे तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, हा नियम होताच. थोडक्यात, उंच माणसाला तिथून बाहेर काढायचा प्रयत्न हा खेळ पिढ्यान् पिढ्या करत आला आहे. नॅशने तेच काम नियम न बदलता, नुसत्या वेगाने केलं. आणि त्याच्याच संघाने त्या जागेचा सगळ्यात मोठा भाडेकरू आणून बसवला.

कारण समजण्यासारखं होतं. २००५ आणि २००७ साली प्लेऑफमध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने सन्सला घरी पाठवलं होतं. स्पर्सकडे टिम डंकन होता आणि त्याला रेटून धरेल असं धूड फिनिक्सकडे नव्हतं. कागदावर उपाय बरोबर होता.

मैदानावर मात्र शॅक बास्केटच्या बाजूला उभा राहायचा, कारण त्याचं काम तिथेच होतं. तो तिथे, म्हणजे त्याचा बचावपटूही तिथेच. स्टोडमायर धावत यायचा तेव्हा वाटेत दोन देह आधीच उभे असायचे. नॅशची एक लकब होती: चेंडू टप्पे देत बास्केटखालून आरपार जायचं, कुणी मोकळं झालंय का बघायचं, नाहीतर दुसऱ्या बाजूने बाहेर यायचं. त्या गल्लीत आता गर्दी झाली होती. शिवाय शॅकला चेंडू द्यायचा म्हणजे तो जागा पक्की करेपर्यंत थांबायचं, आणि थांबणं हेच तर या संघाला नको होतं.

त्या वर्षी पहिल्याच फेरीत पुन्हा स्पर्स समोर आले. फ्री थ्रो हा शॅकचा कच्चा दुवा, त्याचे जवळपास निम्मे चुकायचे. स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच त्याच्यावर मुद्दाम फाउल करवून घ्यायचे. याने गुण तर जायचेच, पण त्याहून वाईट म्हणजे खेळ थांबायचा. चेंडू नॅशच्या हातातून काढून घ्यायची इतकी स्वस्त युक्ती आधी कुणाकडे नव्हती. सन्स ४-१ असे हरले. डँटोनी न्यूयॉर्कला गेले. नवे प्रशिक्षक टेरी पोर्टर यांनी खेळ आणखी संथ केला.

पण मोठा सेंटर आला की पॉइंट गार्डचं नुकसान होतंच, असा नियम काढता येत नाही. बॉस्टन सेल्टिक्सचा बॉब कूझी १९५३ ते १९६० सलग आठ मोसम असिस्टमध्ये, म्हणजे ज्यावर गुण होतो त्या पासमध्ये, लीगमध्ये पहिला होता. या आठांच्या ऐन मध्यावर, डिसेंबर १९५६ मध्ये, मेलबर्न ऑलिंपिक आटोपून बिल रसेल संघात आला. त्या मोसमात बॉस्टनने पहिलं अजिंक्यपद जिंकलं आणि कूझी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रसेलचं वर्चस्व मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतं. तो रिबाउंड घ्यायचा, चेंडू कूझीकडे द्यायचा, आणि कूझी पुढच्या मोकळ्या मैदानात सुटायचा. रसेलने मोकळी जागा निर्माण केली, शॅकने ती व्यापली. दोघेही थोर, पण पॉइंट गार्डच्या दृष्टीने दोन टोकं.

नॅशची घसरण वयामुळे झाली, असं तेव्हाही म्हटलं गेलं असणार. पाठीचं जुनं दुखणं होतंच, विश्रांतीच्या वेळी तो खुर्चीत न बसता कडेला जमिनीवर आडवा व्हायचा. पण आकडे वेगळं सांगतात. सामन्यागणिक त्याचे असिस्ट २००६-०७ मध्ये ११.६ होते, पुढच्या वर्षी ११.१, आणि शॅकबरोबरच्या एकमेव पूर्ण मोसमात, २००८-०९ मध्ये, ९.७. त्याच मोसमात त्याचे स्वतःचे ५० टक्के फेक, तीन गुणांचे ४३ टक्क्यांहून अधिक आणि ९३ टक्के फ्री थ्रो आत गेले. हात शाबूत होते. शॅकचेही आकडे उत्तम होते: सरासरी १७.८ गुण, ६० टक्के फेक अचूक. आणि या दोघांचा संघ प्लेऑफलाही पोचला नाही.

आमच्या धंद्यात हे वरचेवर दिसतं. एक भाग काढून त्याजागी जास्त ताकदीचा भाग बसवतात. तो स्वतंत्रपणे तपासला तर नापास होत नाही, शेजारचेही होत नाहीत, फक्त सगळं मिळून काम हळू चालतं. मग चौकशी त्याच्याकडेच वळते, ज्याचं काम सगळ्यांना जोडण्याचं असतं.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं: फेब्रुवारी २००९ मध्ये पोर्टर यांना काढून अल्विन जेन्ट्री यांना नेमल्यावर सन्सने लागोपाठ तीन सामन्यांत १४० किंवा अधिक गुण केले, आणि शॅक तेव्हाही संघातच होता. म्हणजे सगळा दोष त्या एका देहाचा नव्हता, निम्मा त्याच्यासाठी मंद केलेल्या वेगाचा होता. पण त्याच दिवसांत स्टोडमायरच्या डोळ्याला इजा झाली आणि मोसम हातचा गेला.

जूनमध्ये शॅक क्लीव्हलंडला गेला. त्या उन्हाळ्यात चॅनिंग फ्राय आला. उंची सहा फूट अकरा इंच, पण हा सेंटर बास्केटपासून दूर, तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहायचा. त्या मोसमात त्याने तिथून १७२ फेक आत घातले. पट्टा पुन्हा रिकामा झाला, आणि ३६ व्या वर्षात नॅशचे असिस्ट ११.० वर गेले, लीगमध्ये सर्वाधिक.

२०१० च्या प्लेऑफमध्ये पुन्हा स्पर्स, पुन्हा डंकन. ज्याला अडवायला शॅक आणला होता त्या संघाला सन्सने शॅकशिवाय ४-० असं हरवलं. चौथ्या सामन्यात डंकनचं कोपर लागून नॅशचा एक डोळा सुजून बंद झाला, तरी तो खेळत राहिला. पुढच्या फेरीत लेकर्सने त्यांना ४-२ असं थोपवलं. नॅश अंतिम फेरीत कधीच पोचला नाही. ३४ वं आणि ३५ वं वर्ष त्याने रिकामी जागा शोधण्यात घालवलं होतं, आणि ती दोन वर्षं कुठल्याच रकान्यात मांडलेली सापडत नाहीत.