ठेंगणे मनोरे

वांद्रे-वरळीचा सागरी सेतू २००९ साली सुरू झाला. तेव्हापासून ‘तारांचा पूल’ म्हटले की आमच्या पिंपरी-चिंचवडच्या माणसालाही ते सव्वाशे मीटरचे मनोरेच आठवतात. या पुलाचा एक ठेंगणा भाऊ आहे. मला तोच जास्त आवडतो.

१९८८ मध्ये झाक मातिव्हा या फ्रेंच अभियंत्याने त्याची कल्पना मांडली. काँक्रीटच्या तुळईत पोलादी तारा ताणून बसवण्याची पद्धत तेव्हा जुनीच होती. त्या तारा खांबाजवळ तुळईच्या पोटातून बाहेर काढा आणि बुटक्या मनोऱ्यावरून न्या, असे त्याने सुचवले. शाळेत मी फळीवरची आठ-दहा पुस्तके दोन्ही टोकांनी दाबून एकदम उचलून दाखवत असे. मधले एकही पडत नसे. इथे तेच घडते. उंच मनोऱ्याच्या तारा पुलाला वर उचलून धरतात. बुटक्या मनोऱ्याच्या तारा जवळजवळ आडव्या, त्यामुळे त्या पुलाला लांबीच्या दिशेने आवळतात. बराचसा भार तुळईच पेलते, म्हणून ती जाडजूड लागते. मातिव्हाचा आराखडा कागदावरच राहिला. असा पहिला पूल जपान्यांनी १९९४ मध्ये ओदावाराला बांधला.

आपल्या देशातला नामांकित म्हणजे २००७ मध्ये खुला झालेला कोलकात्याचा निवेदिता सेतू. हुगळीवर ११० मीटरचे सात गाळे, आणि मनोरे रस्त्यापासून अवघे १४ मीटर! याचे कारण नुसते गणित नव्हे. काठावर राणी रासमणीने १८५५ साली उभारलेले दक्षिणेश्वरचे कालीमंदिर आहे. त्याचे शिखर पुलापुढे खुजे दिसू नये, याचा विचार आराखड्यातच केला होता. अभियंत्यांनी देवळाचा मान राखला आणि पूलही मजबूत बांधला.

पुढे २०१७ मध्ये भडोचला (सालबाईच्या तहानंतर महादजी शिंद्यांकडे आलेले तेच भडोच) नर्मदेवर याच जातीचा पूल झाला. त्याचे गाळे १४४ मीटरचे.

आमच्या पवना-इंद्रायणीला एवढे मोठे गाळे लागत नाहीत. पण उड्डाणपूल आणि मेट्रोचे खांब इथेही उभे राहतातच. चर्चा होते ती मार्गिका किती आणि काम कधी संपणार याची. आळंदीच्या घाटावर किंवा चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीपाशी उभे राहून, ‘इथून काय दिसेनासे होईल?’ असे कुणी विचारलेले मी तरी अजून ऐकले नाही.