दोन अक्षरांची साक्ष : फान ख्वानचे एक गिरिजलचित्र

चिनी भाषेत निसर्गचित्राला ‘शान-श्वे’ अशी संज्ञा आहे. ‘शान’ म्हणजे पर्वत आणि ‘श्वे’ म्हणजे जल. या दोन पदांच्या योगाने केवळ दोन वस्तू नव्हे, तर समग्र भूप्रदेश सूचित होतो. संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेत हा समाहारद्वंद्व होय. या परंपरेतील ज्या मोजक्या प्राचीन कृती कालौघात टिकून राहिल्या, त्यांत ‘गिरिनिर्झरांतील पथिक’ अशा अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेशमी पटाचे स्थान अग्रभागी आहे. उत्तर सुंग राजवटीतील (960–1127) फान ख्वान हा त्याचा कर्ता मानला जातो. हे चित्र तैपेई येथील राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात असून त्याची उंची सुमारे 206 सेंटीमीटर व रुंदी सुमारे 103 सेंटीमीटर आहे.

पटाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग एकाच प्रचंड कड्याने व्यापला आहे. कड्याच्या उजवीकडील घळीतून धबधब्याची एक बारीक रेषा खाली उतरते व पायथ्याच्या धुक्यात विलीन होते. मध्यभागी झाडीतून एका देवालयाची छपरे डोकावतात. अगदी खाली, उजव्या बाजूस, ओझे लादलेली खेचरे व त्यांना हाकणारी माणसे चालली आहेत. ती इतकी लहान आहेत की, शोधल्यावाचून दृष्टीस पडत नाहीत. काजळी व सरस यांपासून केलेली शाई आणि क्वचित फिका रंग एवढेच येथील साहित्य. खडकाचा खडबडीतपणा कुंचल्याच्या असंख्य आखूड टिंबवजा फटकाऱ्यांनी साधला आहे. चिनी रसिक त्यांना पर्जन्यबिंदूंची उपमा देतात. रेशीम काळाच्या ओघात तपकिरी झाले आहे, त्यामुळे शाई आणि पार्श्वभूमी यांतील अंतर मूळच्यापेक्षा पुष्कळ कमी झाले आहे.

हे चित्र खरोखर फान ख्वानचे कशावरून, हा प्रश्न केवळ एका पटापुरता मर्यादित नाही. त्या काळातील थोर चित्रकारांच्या नावावर आज जी चित्रे दाखविली जातात, त्यांपैकी बहुसंख्य उत्तरकालीन प्रतिकृती आहेत. चिनी गिरिजलचित्राच्या आरंभीच्या इतिहासाची मांडणी ज्या थोड्या आधारस्तंभांवर उभी आहे, त्यांतील हा एक. तो ढळला, तर शैलीचा सारा कालानुक्रम नव्याने तपासावा लागेल. दीर्घकाळपर्यंत या श्रेयाचा मुख्य दृश्य आधार होता तो मिंग काळातील चित्रकार व समीक्षक तुंग छी-छांग (1555–1636) याने पटाच्या वर लिहिलेला मथळा. त्यात त्याने चित्राचे नाव देऊन ते उत्तर सुंगमधील ‘फान चुंग-ली’ याचे असल्याचे नमूद केले आहे.

1958 साली या प्रश्नाला निराळे वळण लागले. राजप्रासादाचा संग्रह त्या वेळी तैवानमधील ताइचुंगजवळ ठेवलेला होता; तैपेईची वास्तू 1965 मध्ये उघडली. तेथील अभ्यासक ली लिन-त्सान यांना खेचरांच्या तांड्यामागील झाडांच्या पानांत दोन अक्षरे लपलेली आढळली : ‘फान ख्वान’.

तथापि या शोधाने वाद मिटला नाही. उलट एक भाषिक आक्षेप पुढे आला. ‘ख्वान’ म्हणजे रुंद, विशाल, उदार. अकराव्या शतकातील ल्यू ताओ-छुन याच्या मते या चित्रकाराचे मूळ नाव चुंग-चंग व आदरनाम चुंग-ली होते. स्वभावाने तो सौम्य व मोठ्या मनाचा असल्यामुळे लोक त्याला फान ख्वान म्हणत. त्याच शतकातील क्वो रुओ-श्यू हा चुंग-ली हे आदरनाम म्हणून देतो, परंतु कोणाच्या मते तेच मूळ नाव होते, असेही नोंदवितो. ख्वान हे नाव स्वभावावरून पडल्याची वार्ता त्याच्याकडेही आहे. मग लोकांनी ठेवलेल्या टोपणनावाने कोणी चित्रकार आपली स्वाक्षरी करील काय?

या आक्षेपाचा विचार करताना चिनी नामव्यवस्थेचा संकेत ध्यानात घेणे अवश्य आहे. तेथे मनुष्य स्वतःचा उल्लेख मूळ नावाने करतो. इतरांनी, विशेषतः आदराने, त्याचा उल्लेख आदरनामाने करावयाचा असतो. आदरनाम बहुधा मूळ नावाशी अर्थाने जोडलेले असते. चुंग-चंग म्हणजे मध्यस्थ व सरळ, चुंग-ली म्हणजे मध्यावर उभा. ही जोडी उत्तम जुळते. ख्वानशी मात्र चुंग-लीचा असा सांधा जुळत नाही. म्हणजे ख्वान हे नाव मागाहून आले, हा परंपरेचा दावा अर्थदृष्ट्या ग्राह्य ठरतो. परंतु मागाहून आलेले नाव धारण करणाऱ्याने स्वीकारलेच नसेल, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

येथे मी फू (1051–1107) याची साक्ष निर्णायक महत्त्वाची आहे. चित्रांविषयीच्या आपल्या टिपणांत त्याने तान-थू येथील भिक्षुनिवासात पाहिलेल्या एका गिरिजलपटाचा उल्लेख केला आहे. त्या पटावर, धबधब्याच्या कडेला, ‘ह्वायुआनचा फान ख्वान’ असे लिहिलेले होते, आणि मी फूने ते चित्र या कलावंताच्या तारुण्यातील मानले. ह्वायुआन हे शेन्सी प्रांतातील त्याचे गाव. म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर शतकही लोटले नसता, ख्वान या नावाची स्वाक्षरी असलेले चित्र एका चिकित्सक जाणकाराने नोंदविले होते व त्या नावात त्याला काही वावगे दिसले नव्हते. स्वाक्षरी लपविण्याची रीतही एकाकी नाही. छ्वे पो याने 1061 मध्ये आपले नाव झाडाच्या खोडावर लिहिले, तर ली थांग याने 1124 मध्ये दूरच्या शिखरावर. किंमत वाढविण्यासाठी नाव घालणारा ते सहज दिसेल अशा जागी घालतो. पानांच्या गर्दीत नव्हे.

यास्तव ही दोन अक्षरे स्वयंसिद्ध प्रमाण नव्हेत. एखादे नाव कोणत्याही काळी, कोणाच्याही हाताने लिहिले जाऊ शकते. त्यांचे बळ आहे ते संवादात : चित्राची शैली, मी फूची नोंद व लेखनाची जागा ही परस्परांहून भिन्न प्रमाणे एकाच दिशेला निर्देश करतात. पटावरील दोन नावांचा भेदही मग विसंगती राहत नाही. तुंग छी-छांगने इतरांना शोभेल असे आदरनाम वापरले. चित्रकाराने स्वतःसाठी योग्य ते नाव वापरले. लोकांनी दिलेले नाव त्याने आपले म्हणून पत्करले आणि त्या अवाढव्य पर्वताखाली, वाटसरूंच्या मागोमाग, जेमतेम दिसेल एवढ्या आकारात लिहून ठेवले.