परसबाग आणि वाळवण : नागपूरच्या घरांचा एक न लिहिलेला इतिहास



इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह यांचीच आठवण प्रथम होते. गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसविले, पुढे भोसल्यांनी येथे राजधानी केली, १८५३ साली राज्य खालसा झाले, १८६७ साली आगगाडी आली, एवढे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक असते. परंतु वैशाखात भाजी मिळेनाशी झाली असता या शहरातील चुली कशा चालत, हा प्रश्न क्रमिक पुस्तकांत आढळावयाचा नाही. आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

नागपूरच्या गृहस्थाचे वर्ष येथील हवेने आखून दिलेले असते. माघ-फाल्गुनात थंडी ओसरू लागते. त्या वेळी बाजारात मेथी, सांबार म्हणजे इतरत्र जिला कोथिंबीर म्हणतात ती, वांगी, भेदरे आणि तुरीचे सोले यांची रेलचेल असते व भावही उतरलेले असतात. दोन महिन्यांनी पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि हिरवी भाजी दुर्मिळ होते. तिच्यापाठोपाठ पावसाळा येतो. वाटा चिखलाने भरतात आणि नवी भाजी हाती येण्यास अवकाश लागतो. बेताच्या प्राप्तीत संसार करणाऱ्या गृहिणीने या दोन टंचाईंवर दोन उपाय योजिले होते. पहिला, फाल्गुनातच परसात उन्हाळी भाजी लावणे. दुसरा, स्वस्ताईतील जिन्नस वाळवून डब्यांत भरणे. आज आपण यांस दोन निरनिराळे छंद समजतो. वस्तुतः हा एकच हिशेब होता.

परसबागेचा आधार पाणी. चांद सुलतान याच्या कारकीर्दीतील जुम्मा तलाव, वाड्यांतील विहिरी, आणि इंग्रजी अमदानीत १८७० नंतर नळाने येऊ लागलेले अंबाझरीचे पाणी, अशी शहराच्या पाण्याची परंपरा आहे. तथापि परसातील वाफ्यास चांगले पाणी क्वचितच घालीत. भांडी विसळलेले, तांदूळ धुतलेले व न्हाणीतून वाहणारे पाणी पाटाने अळूस, केळीस आणि गोडनिंबास जाई. भोपळा, दोडका व ढेमसे यांसाठी आळी करून त्यांत शेणखत घालावयाचे, बी रात्रभर भिजवून टोचावयाचे, आणि वेल मांडवावर अथवा छपरावर चढवावयाचे. भेंडी, गवार व चिवळ यांस थोडकी जागा पुरे. प्रत्येक वेलावरचे एक उत्तम फळ न तोडता जून होऊ देत व त्याचे बी राखेत घोळून पुढील वर्षासाठी ठेवीत. बियाण्यावर पैसा खर्च करणे हे त्या काळी उधळेपणाचेच लक्षण मानले गेले असते.

दुसरा भाग वाळवणाचा. हरभऱ्याचा कोवळा पाला व मेथी वाळवून ठेवीत. बोरांचे बोरकूट करीत. कोहळ्याचा कीस मुगाच्या वाटलेल्या डाळीत मिसळून वड्या घालीत. गव्हाच्या कणकेचे सरगुंडे काड्यांवर वळीत. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालून रोज पाणी पालटावे लागे. मग ते वाटून, चीक गाळून, निवळू देऊन, हिंग-मीठ घालून शिजवावा व गरम असतानाच सोऱ्यातून पाडावा. हे काम एकटीचे नव्हे. आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी, अशा रीतीने शेजारणी एकमेकींच्या अंगणात राबत. मुलांकडे कावळे हाकण्याचे काम असे आणि त्याबद्दल वाटीभर चीक मिळे.

यामागील शास्त्र साधे आहे. बुरशी आणि सूक्ष्म जंतू ओलाव्यावाचून वाढत नाहीत. नागपूरच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की पातळ पापड एका दिवसात खडखडीत वाळतो. कोकणातील दमट हवेत हेच काम अधिक जिकिरीचे. येथील गृहिणीने ज्या उन्हाने भाजी नाहीशी केली, त्याच उन्हाकडून वर्षाची बेगमी करवून घेतली, हे तिचे चातुर्य होय.

या व्यवस्थेस मर्यादाही होत्या आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. ज्याच्या घरी धान्य आहे, अंगण आहे, त्यालाच वाळवण शक्य. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्यप्रांतातील शेतमजुरांस कुरडयांचा डबा वाचवू शकत नव्हता. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस गिरणी सुरू झाली. पण गिरणीभोवतीच्या दाट वस्तीत राहणाऱ्या कामकऱ्यास परस कोठून असणार? काटकसरीचे गुण गाताना काटकसर करण्यासही काही साधन लागते, हे विसरता कामा नये.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश १९४२ साली जपानच्या हाती गेला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ साली बंगालात भीषण दुष्काळ पडला. सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम काढली. विलायतेतही हिरवळी खणून भाज्या लावण्याचा प्रचार १९३९ पासून चालला होता. स्वातंत्र्यानंतर १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी एक वेळ उपवास करण्याचे आवाहन केले. हे प्रयत्न योग्यच होते. मात्र सरकारी दप्तरांत धान्याचे मण आणि खंडी लिहिल्या गेल्या. परसातील ढेमशांचा व डब्यातील वड्यांचा आकडा कोणी मांडला नाही. बायकांच्या श्रमांना मजुरी नसते, म्हणून त्यांची नोंदही नसते.

त्या न नोंदविलेल्या विद्येचे आज काय होणार, हाच खरा प्रश्न आहे. महालातील वाडे पडत आहेत. धंतोली-धरमपेठेतील बंगल्यांच्या जागी अनेक मजली इमारती उभ्या राहत आहेत. कुरडया विकत मिळतात, त्याचे दुःख नाही. स्त्रियांचे कष्ट कमी झाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु घरचे बी एक वर्ष पेरले नाही, दुसऱ्या वर्षी पेरले नाही, म्हणजे ते उगवण्याचे थांबते. आणि कोणत्या तिथीस काय पेरावे, चीक किती आटवावा, हे ज्यांच्या हातांस ठाऊक आहे ते हातही थकत चालले आहेत.

म्हणून श्रोत्यांस एवढीच विनंती आहे. गच्चीवर चार कुंड्या ठेवावयास जागा असेल त्यांनी या फाल्गुनात एक दोडक्याचा वेल लावावा व त्यावरील एक फळ बियाण्यासाठी राखावे. आणि घरात आजी, मावशी अथवा आत्या असतील त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे व त्यांचे वर्षाचे वेळापत्रक त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. भोसल्यांच्या तुळशीबागेची आणि महाराजबागेची नोंद इतिहासात आहे. आपल्या घरच्या वाफ्याची नोंद आपण ठेविली नाही, तर दुसरे कोणी ठेवणार नाही.