ओढदोर, वृक्षकामातील

झाड ठरल्या दिशेलाच पडावे, दुसऱ्या झाडात अडकलेले खोड सुटावे किंवा तोडलेला बुंधा जागेवरून हलावा, यासाठी झाडाला बांधून ट्रॅक्टर, विंच अथवा कप्प्यांच्या साहाय्याने ओढला जाणारा दोर. पूर्वी हे काम काथ्याच्या सोलावर किंवा मनिला दोरावर भागे. भार मोठा असला की पोलादी तारदोर येई. आता त्यांची जागा मुख्यतः कृत्रिम तंतूंच्या दोरांनी घेतली आहे. हे दोर बहुधा तुटभाराचा, म्हणजे किती वजनाला दोर तुटेल याचा, आकडा पाहून विकत घेतले जातात. तो आकडा लागतोच. पण दोर ताणाखाली किती लांबतो, किती तापल्यावर मऊ पडतो आणि त्याचे टोक कसे बांधले आहे, हे न विचारता घेतलेला सर्वांत बळकट दोरही या कामाला चुकीचा ठरू शकतो.

आज जड ओढीसाठी सर्वांत नावाजलेला तंतू म्हणजे अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन. नेदरलंड्समधील डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी १९७९ च्या सुमारास त्याची जेल-कताई सिद्ध केली. ‘डायनीमा’ आणि ‘स्पेक्ट्रा’ ही त्याची प्रसिद्ध व्यापारी नावे. पुण्याची गरवारे टेक्निकल फायबर्स (पूर्वीची गरवारे वॉल रोप्स) याच तंतूचे दोर बनवते, मात्र त्यांचे मोठे गिऱ्हाईक मासेमारी आणि जहाजे हे आहे. बारा पेडांच्या पोकळ विणीचा १२ मिमी दोर साधारण १३ ते १५ टनांना तुटतो आणि मीटरला १०० ग्रॅमही भरत नाही. त्याच जाडीचा पोलादी तारदोर ८-९ टनांना तुटतो आणि मीटरला अर्ध्या किलोहून जास्त भरतो. पन्नास मीटर दोर खांद्यावर घेऊन उतार चढणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. शिवाय तारदोराचे तुटके केस हातात घुसतात, तो त्रासही इथे नाही.

या दोराचा खरा गुण मात्र त्याचे न लांबणे हा आहे. ५० मीटर दोरावर दोन टनांची ओढ दिली, तर १२ मिमीचा पॉलिएथिलीन दोर सुमारे ३० सेंटिमीटर लांबतो. त्या कामाला पुरेसा जाड, दुहेरी विणीचा पॉलिएस्टर दोर एक ते दीड मीटर लांबतो, तर तिपेडी नायलॉन पाच मीटर किंवा त्याहूनही अधिक. लांबलेल्या दोरात ऊर्जा साठते. वरच्या आकड्यांनुसार नायलॉनमध्ये ती पॉलिएथिलीनच्या पंधरापटीहून जास्त होते. हा नायलॉन तुटला किंवा त्याचे टोक सुटले, तर तो चाबकासारखा मागे येतो. अडकलेली गाडी हिसक्याने काढायला नायलॉन चांगला, झाड ओढायला नव्हे. झाड पाडताना ओढ सावकाश आणि मोजून द्यायची असते. विंचने वीतभर दोर ओढला की शेंडाही जवळपास तेवढाच हलला पाहिजे, नाहीतर करवत चालवणाऱ्याला झाडाची हालचाल वेळेवर कळत नाही. कमी लांबणारा दोर मागे झेपावतच नाही असे मात्र कोणी समजू नये. तो कमी झेपावतो, इतकेच.

जो गुण ओढीत उपयोगी, तोच फांद्या उतरवताना दोष ठरतो. कापलेला ओंडका दोरावर कोसळतो तेव्हा धक्का गिळायला दोराने थोडे लांबावे लागते. न लांबणारा दोर तो धक्का जसाच्या तसा कप्पीला, खोडाला आणि वर बसलेल्या माणसाला देतो. फांद्या उतरवण्यासाठी पॉलिएस्टरच योग्य. एकच दोर दोन्ही कामांना वापरण्याची काटकसर महागात पडते.

दुसरी मर्यादा उष्णतेची. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. या दोराला पीळही नाही आणि जळण्याची वाट पाहण्याची गरजही नाही. त्याचा तंतू १५० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर वितळतो आणि ७० अंशांच्या वर गेला की त्याची ताकद उतरू लागते. पॉलिएस्टर २५० अंशांच्या आसपास वितळते. कॅप्स्टनच्या, म्हणजे दोराचे वेढे घेऊन ओढणाऱ्या विंचच्या, ढोलावर दोर घसरत राहिला किंवा फांदीच्या बेचक्यातून ताणाखाली सरकला, तर एवढी उष्णता सहज निर्माण होते. त्यात पॉलिएथिलीन मुळातच गुळगुळीत असल्याने ढोलावर त्याची पकड बसत नाही. कॅप्स्टन वापरायचा असेल तर पॉलिएस्टर घ्यावे, नाहीतर पॉलिएस्टरचे आवरण असलेला पॉलिएथिलीन दोर. आवरणाच्या दोरात आतला गाभा झिजला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, ही त्याची किंमत. केवलारसारखे ॲरामिड तंतू उष्णतेला भीक घालत नाहीत. परंतु वारंवार वाकवल्याने आणि उन्हाने ते खराब होतात, म्हणून झाड ओढण्याच्या दोरांत ते क्वचितच दिसतात. पॉलिप्रॉपिलीनचा बाजारी दोर स्वस्त असतो, उन्हात लवकर ठिसूळ होतो आणि जड ओढीसाठी त्याचा विचार करू नये.

गाठीने कोणत्याही दोराची ताकद घटते, ३० ते ५० टक्क्यांपर्यंतसुद्धा. पॉलिएथिलीनमध्ये त्यावर आणखी एक भर पडते. दोर गुळगुळीत असल्याने नेहमीची गाठ भाराखाली निसटू शकते. म्हणून त्याचे टोक स्प्लाइस करतात: दोर दोराच्याच पोटात खुपसून डोळा तयार करायचा. खुपसलेला भाग व्यासाच्या सुमारे ७२ पट, म्हणजे १२ मिमी दोराला सुमारे ८६ सेंटिमीटर लागतो. सैल असताना तो बाहेर सरकू नये म्हणून टाके घालतात. असा डोळा दोराची जवळजवळ सगळी ताकद राखतो.

दोर बळकट झाला की कमकुवत जागा दुसरीकडे सरकते. १४ टनांच्या दोराला गाडीचा ट्रेलर ओढायचा गोळा जोडला, तर तुटेल तो गोळा, आणि गोळीसारखा उडेल. कप्पीतून दोर काटकोनात वळवला की कप्पीच्या नांगरावर ओढीच्या १.४ पट भार येतो; उलट्या दिशेने परत आणला की दुप्पट. दोन टनांच्या ओढीत हे अनुक्रमे २.८ आणि ४ टन झाले. १६ मिमीच्या सामान्य शॅकलची (जोडकडीची) कामाची मर्यादा सव्वातीन टन असते. म्हणजे तो पहिल्या मांडणीत चालतो, दुसऱ्या मांडणीत चालत नाही.

कामाचा भार तुटभाराच्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्यापर्यंतच ठेवण्याचा प्रघात आहे. दोन टनांच्या ओढीला १० मिमीचा दोर (सुमारे ८-९ टन) म्हणून अपुरा पडतो आणि १२ मिमीचा पुरतो. दोर जमिनीशी ६० अंशांच्या कोनात चढत असेल तर ओढीचा निम्माच हिस्सा झाडाला आडवा ओढतो, ३० अंशांवर ८७ टक्के. तेव्हा जाड दोरापेक्षा लांब दोर घेणे पुष्कळदा शहाणपणाचे. ओढणारे यंत्र झाडाच्या उंचीच्या बाहेर ठेवण्यासाठीही लांबी लागतेच. मागचा काप पुरा होण्याआधी जास्त ओढले, तर खोड उभे चिरून मागे उसळते. अशा वेळी बळकट दोर अपघाताला मदतच करतो.

नव्या दोरावर थोड्या दिवसांत येणारी लव निरुपद्रवी असते. पेड कापला गेला, एखादा भाग चकचकीत होऊन हाताने वाकवूनही मऊ होत नसेल, किंवा जाडी कुठे एकदम कमी झाली असेल, तर तो दोर ओढीतून बाद. बाद दोराचे हातभर लांबीचे तुकडे करून टाकावेत. अखंड ठेवलेला दोर पुढच्या पावसाळ्यात कोणीतरी पुन्हा झाडाला बांधतो.