रांगेत अडकलेले कर्नेल

लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नेलची, ५.९ ही आवृत्ती २०२० मध्ये तयार होत असताना 'फोरोनिक्स' संकेतस्थळाचे मायकेल लाराबेल यांना अपाची सर्व्हर मंदावल्याचे आढळले. हजारो बदलांतून दोषी कोणता? 'गिट बायसेक्ट'मध्ये प्रत्येक चाचणीला निम्मे संशयित गळतात. दहा हजारांसाठी सुमारे चौदा चाचण्या पुरतात. बोट गेले ते खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांच्या बदलाकडे. मेमरीतील फाइलींच्या पानांचे कुलूप आता काटेकोर क्रमाने मिळत होते. न्याय्य खरे, पण महाग. तळेगाव स्थानकाच्या तिकीट खिडकीवर पाळी झोपलेल्या प्रवाशाची असली, तर तो जागा होईपर्यंत खिडकी रिकामीच! टोरवाल्ड्स यांनी मधला मार्ग काढला : थांबलेल्याला पाच वेळा डावलता येईल, पुढे मात्र कुलूप त्याचेच. ऑक्टोबरमध्ये ५.९ या दुरुस्तीसह प्रसिद्ध झाली.