व्याघ्राचें चित्र आणि यंत्राची निवड

वन्य पशूंचीं छायाचित्रें घेण्यास कोणता डिजिटल कॅमेरा घ्यावा, असा प्रश्न आमचे तरुण मित्र आम्हांस वरचेवर विचारतात. प्रश्न दुकानांतला दिसतो; परंतु त्याचें उत्तर आधीं इतिहासांत शोधावें असें आम्हांस वाटतें.

संयुक्त प्रांतांत जंगलखात्याचे अधिकारी असलेले एफ. डब्ल्यू. चँपियन यांनीं रानांतील मोकळ्या वाघांचीं घेतलेलीं चित्रें १९२५ सालीं ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्यें प्रसिद्ध झालीं, १९२७ सालीं त्यांचें ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हें पुस्तक निघालें. त्यांची रीत अशी: वाघाच्या नित्याच्या वाटेवर तार ताणावयाची, वाघाचा पाय तिला लागला कीं लख्ख उजेड पडून चित्र उमटावयाचें. म्हणजे चित्र काढणारा खुद्द वाघच! ही युक्ति सर्वस्वीं नवी नव्हती. अमेरिकेंत जॉर्ज शिरास यांनीं तारेच्याच साह्यानें रात्रीं पशूंचीं चित्रें घेतलीं होतीं, व १९०६ सालीं ‘नॅशनल जिऑग्राफिक’नें त्यांचीं ७४ चित्रें छापलीं होतीं. चँपियन यांची थोरवी निराळीच आहे. तार कोठें ताणावी हें कोणतेंही यंत्र सांगत नाहीं. त्यासाठीं वाळूंतला माग ताजा कीं शिळा हें ओळखतां यावें लागतें. शिवाय प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, हें त्यांनीं चित्रांवरून ताडलें. आज भारतांतील व्याघ्रगणना मुख्यतः ह्याच पट्ट्यांवर चालते. शिकारीचें वेड ऐन भरांत असतां बंदुकीऐवजीं कॅमेरा पत्करणारा साहेब हाही एक दुर्मिळ प्राणीच म्हणावयाचा.

डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म १९७५ चा. कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यांच्या त्या यंत्राच्या चित्रांत अवघे दहा हजार बिंदु असत, आणि एक चित्र फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. दुसऱ्या चित्राची वाट पाहतां पाहतां वाघ डोंगरापलीकडे गेला असता. १९९९ च्या निकॉन डी-१ मध्यें बिंदु सुमारें २७ लक्षांवर गेले. पुढें मेगापिक्सेलची जी शर्यत लागली, तींत आमच्या मतें ग्राहक फसतो.

ताडोबांत काय किंवा कॉर्बेटमध्यें काय, वाघ दिसावयाचा तो बहुधा सकाळच्या कोंवळ्या उजेडांत, नाहीं तर दिवस कलतांना. ५०० मिलिमीटरचें भिंग एफ-४ चें असेल तर तें एफ-५.६ च्या दुप्पट प्रकाश आंत घेतें. मात्र त्यासाठीं त्याचें तोंड १२५ मिलिमीटर रुंद असावें लागतें, आणि किंमत व वजन दोन्ही डोईजड होतात. तरी पैसा भिंगांतच घालावा. कॅमेरा चार-सहा वर्षांत जुना होतो. चांगलें भिंग होत नाहीं.

आरशाच्या कॅमेऱ्याचा खटका ऐकून बुजरें जनावर मान वर करतें. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत तो खटका टाळतां येतो. पण संवेदकावरील चित्र ओळीओळीनें वाचलें जात असल्यामुळें, वाचन सावकाश असलें तर उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे उमटतात. २०१७ च्या सोनी ए-९ नें हें वाचन इतकें जलद केलें कीं सेकंदास वीस चित्रें निःशब्द घेतां येऊं लागलीं. ही वाचनाची गति ग्राहकानें विचारावी. दुकानदार आपण होऊन सांगेलच असें नाहीं.

आमच्या मित्रांस आम्ही एवढेंच सुचवितों: बॉडी मध्यम किंमतीची घ्यावी, भिंग जुनें चालेल पण एफ-४ चें असावें, आणि जे पैसे उरतील ते रानांत आणखी चार दिवस राहण्यास ठेवावे.